आवाजावरून

कवठं मी घरूनच नेली होती, दोन.
एक हेल्मेटात घालून, एक तसंच उघडं
शाळेच्या गच्चीवरून खाली टाकायचं
आणि म्हणायचं, बघा, हे तुमचं डोकं.
रस्ता सुरक्षेचं पत्र तालुक्याहून आलं होतं,
कवठाची कल्पना माझी.

उघडं फुटलं.
हेल्मेटातलंही फुटलं,
कारण हेल्मेट दीडशे रुपयांचं, फाट्यावरच्या टपरीतलं.
अकरावीची पोट्टी खदखदून हसली,
खिचडीवाल्या बाईकडून गूळ मागून आणला
आणि दोन्ही डोकी खाऊन टाकली.

मी डायरीत लिहिलं : कार्यक्रम शांततेत पार पडला.
उपस्थिती चौसष्ट.

निलय भोयर तेवढा खात नव्हता.
वय सोळा. दोनदा धरलेला,
एकदा तिघं बसून, एकदा बिनलाइटची गाडी घेऊन,
दोन्ही वेळा बापाला बोलावून सोडलेला.
म्हणाला, "मॅडम, तुमच्या गाडीचा प्लग गेला हाय."
माझी गाडी तर वडाखाली बंद उभी होती.
"सकाळी आल्या तवा आयकलं."

तेव्हा बोरखडीत विहिरींवरचे पंप जात होते.
पंप नाही तर केबल,
केबल जाळून तांबं, तांब्याची राख धुऱ्यावर.
ठाण्यात आम्ही सात, गावं एकेचाळीस.
म्हणून सुरक्षा दल : बारा शिट्ट्या, बारा काठ्या,
चार बॅटऱ्या, त्यातल्या दोन चालू,
आणि एक रजिस्टर.
निलयला मी काठी दिली नाही.
त्याला पारावर बसवलं, माझ्याशेजारी, नुसता ऐकायला.

तुरीवरून गार वारा यायचा.
अंधारात एखादी गाडी लांबून घरघरायची
आणि तो डोळे मिटून सांगायचा,
"किनाके मास्तर. चेन ढिल्ली हाय."
"सरपंचाचा पोऱ्या. सायलेन्सर फुटेल."
"हे गावातली नाही."
म्हातारे लोक पैजा लावायचे, बिडीच्या.
एकदाही हरला नाही.
ज्या कानापायी तो शाळा बुडवून गॅरेजात पडलेला असायचा
त्या कानाला आता गाव चहा पाजत होतं.

मग ती रात्र. अमावस्या झालेली,
दीडच्या पुढे कधीतरी.
नाल्याकडून एक गाडी, लाइट बंद,
दोन माणसांच्या मधे काहीतरी जड,
इंजिन दबून दबून बोलत होतं.
मी विचारलं, "कोण रे?"
निलय म्हणाला, "वळखू येत नाही, मॅडम."

बस, तिथंच मला कळलं.
पारावर सगळे गप्प झाले.
बिडी विझली तरी कुणी काडी ओढली नाही.

शिट्टी त्याच्या मुठीत होती.
मी ती मागू शकत होते.
माझी स्वतःची शिट्टी माझ्या गळ्यात होती,
तीही मी वाजवू शकत होते.
मी त्याच्याकडे बघत राहिले,
हे ड्युटीत बसतं का, मला माहीत नाही.

तो एकदम उठला.
"मागचा ब्रेक नाही त्याच्या गाडीले,
रपटा खचेल हाय, त्याले मालूम नाही"
आणि शिट्टी वाजवली,
वाजवत पळत सुटला नाल्याकडे,
श्वास संपेपर्यंत, संपल्यावरही.

रपट्याच्या अलीकडे चाळीस पावलांवर
मंगेश भोयर, वय बावीस, गाडीसह मिळाला.
गुडघा खरचटलेला.
पोत्यात तांबं, सव्वाअकरा किलो.
दुसरा तुरीतून पळाला.
रजिस्टरात वेळ लिहिली, जागा लिहिली,
शिट्टी कोणी वाजवली तेही लिहिलं.
कशासाठी वाजवली,
तेवढा रकाना आमच्या रजिस्टरात नाही.

दुसऱ्या रात्री तो आला नाही.
त्याच्या आईनं माझ्याशी बोलणं सोडलं ते अजून.
तिसऱ्या रात्री आला,
पाराच्या पार टोकाला बसला, कानाला मफलर घट्ट.
कुणी काही विचारलं नाही.
पहाटे चारला एक गाडी गेली.
सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.
बऱ्याच वेळानं,
मफलरच्या आतूनच,
"दूधवाला," तो म्हणाला.